प्लॅन वाढवून आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही

फ्लॅटच्या आतल्या खोलीत वायफाय नीट येईना की बहुतेक जण आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतात. बिल वाढतं, रेंज तिथेच राहते. प्लॅनचा वेग राउटरपर्यंत आलेल्या फायबरचा असतो. तिथून पलंगापर्यंतचा प्रवास रेडिओलहरींचा. दुखणं नेमकं कुठे आहे, हे पाच मिनिटांत कळतं. लॅपटॉप लॅनच्या वायरने राउटरला जोडून वेग मोजा, मग बेडरूममध्ये वायफायवर मोजा. वायरवर पूर्ण वेग आणि बेडरूममध्ये जेमतेम दहावा हिस्सा, तर दोष कंपनीच्या लाइनचा नाही, घरातल्या मांडणीचा आहे. फायबर मुख्य दाराशी शिरते म्हणून राउटर तिथेच चपलांच्या कपाटावर नाहीतर टीव्हीमागे बसवला जातो, आणि पुढे सळयांचे आरसीसी कॉलम, लोखंडी कपाट, मोठा आरसा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडतात, पण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर त्यातच दाटीने बसतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, २०१८ मध्ये भारतात त्यातला आणखी भाग परवान्याविना खुला झाला. मात्र काँक्रीटपुढे या लहरी लवकर दमतात.

मग जास्त अँटेनांचा दणकट राउटर घ्यावा का? त्याने थोडा फरक पडतो, पण राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, आणि हे संभाषण दुतर्फा आहे. रिपीटरबद्दलची समजूत तर जास्तच महाग पडते. रेंज नसलेल्या खोलीत तो लावला, तर क्षीण सिग्नलच पुढे पाठवतो. शिवाय एकाच रेडिओवर घेणं आणि देणं असल्याने वेग साधारण निम्मा होतो. लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावावा. खात्रीचा उपाय म्हणजे दूरच्या खोलीपर्यंत कॅट-६ वायर नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे. ही वायर १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते. भाड्याच्या घरात भिंती कशा फोडायच्या, ही अडचण खरी आहे. पण अनेक फ्लॅटमध्ये केबल टीव्हीसाठी टाकलेला पाइप असतो, आणि नसला तर स्कर्टिंगलगत प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून वायर नेता येते. तेव्हा प्लॅन बदलण्याआधी इंटरनेटवाल्याला बोलावून राउटर घराच्या मध्यावर, खांद्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर बसवून घ्या आणि बेडरूममधला वेग पुन्हा मोजा.