बाळंतिणीची साक्ष

पूर्वी घरात बाळंतपण झाले की परगावच्या आप्तांना तार जात असे. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत. म्हणून मजकूर ठरलेला असे. मुलगा झाला किंवा मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. २०१३ साली देशातील तारसेवा बंद झाली आणि आता तीच बातमी मोबाइलवरून क्षणार्धात शंभर जणांना पोचते. मजकुरात मात्र फरक पडलेला नाही. कळा कधी सुरू झाल्या, किती तास चालल्या, त्या तासांत त्या बाईजवळ कोण होते, तिच्याशी कोण काय बोलले, यांपैकी कशाचाही उल्लेख तारेत नसे आणि आजच्या संदेशातही नसतो. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. ज्या प्रसंगाला आपण दुसरा जन्म म्हणतो, त्याची हकीकत जिने तो भोगला तिच्याकडून ऐकून घेण्याची गरज मात्र आपल्याला वाटत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

एखाद्या पहिलटकरणीचे उदाहरण घ्यावे. दिवस भरत आलेले असतात. रात्री कधीतरी कंबर दुखू लागते, ओटीपोटात ताण येतो आणि जातो. या कळा खऱ्या की खोट्या, हे तिला उमजत नाही. घरातली जाणती बाई घड्याळाकडे पाहून दोन कळांमधले अंतर मोजू लागते. खोट्या कळा विश्रांतीने किंवा चालण्या-फिरण्याने विरून जातात. खऱ्या कळांमधले अंतर घटत जाते आणि जोर वाढत जातो. कळ म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन. प्रत्येक आकुंचनाबरोबर गर्भाशयाचे तोंड थोडे पातळ होते, थोडे उघडते. ते सुमारे दहा सेंटिमीटर उघडले म्हणजे मुलाची वाट मोकळी होते. पहिले चार-पाच सेंटिमीटर किती वेळ घेतील याचा नेम नसतो. त्यापुढे कळा घाईने येऊ लागतात. कळ आली की बोलणे खुंटते; ओसरली की घटकाभर डोळा लागतो, आणि लगेच पुढची कळ दाराशी उभी असते. अखेरीस मूल खाली सरकते, तेव्हा जोर करण्याची जी ऊर्मी येते ती आवरू म्हटल्याने आवरत नाही. मूल जन्मले की भोवतालचे लोक सुटका झाली म्हणून निःश्वास सोडतात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र अजून वार पडायची असते आणि गर्भाशय आवळून रक्तस्राव आटोक्यात यायचा असतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

या सगळ्या काळात बाई केवळ वेदना सोसत नसते. ती एक अतिशय कष्टाचे काम करीत असते. त्या कामाला बळ लागते, पाणी लागते, आणि धीरही लागतो. धीराची गोष्ट निव्वळ भावनेची नव्हे. गर्भाशयाचे आकुंचन ज्या ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाने होते, त्याच्या कामात भीतीचा अडथळा येऊ शकतो. घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावू शकतात. तेव्हा बाळंत होणाऱ्या बाईजवळ कोण आहे आणि ते तिच्याशी कसे वागते, हा प्रश्न औषधोपचाराच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

जुन्या काळाची भूल नको

अशा वेळी जुन्या पद्धतीची आठवण निघणे साहजिक आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत होती. जवळ आई असे, शेजारच्या बायका असत, गावची सुईण असे. अंधारी का होईना, पण खोली ओळखीची असे. मात्र या आठवणीने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्या खोलीत प्रेम होते, पण स्वच्छतेचे ज्ञान नव्हते. नाळ हाताशी येईल त्या शस्त्राने कापली जाई आणि कित्येक अर्भके धनुर्वाताने दगावत. मूल आडवे आले की अडलेल्या बाईपुढे नवस बोलण्यावाचून इलाज नसे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळवली, आणि प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाळंतिणीच्या खोलीत शास्त्र शिरले पाहिजे, ही गरज एका मराठी मुलीला जेवढी तीव्रतेने जाणवली असेल, तेवढी तिच्या काळात फार थोड्यांना जाणवली असेल.

ते शास्त्र पुढे खरोखरच शिरले, आणि त्याचे फळही दिसले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, देशातली जेमतेम चौथा हिस्सा बाळंतपणे रुग्णालयात किंवा दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोचले. दर लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते. ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. त्याच काळात महाराष्ट्राचा आकडा ३३ होता. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत झालेली प्रसूती, आदिवासी भागात दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहता यावे म्हणून सुरू झालेली माहेरघरे, या सर्वांचा त्यात वाटा आहे. हे यश लहान नव्हे. या आकड्यांतील प्रत्येक एककामागे आईवाचून न राहिलेले एक घर आहे.

घड्याळाचा धाक

परंतु रुग्णालयात पोचलेल्या बाईचे पुढे काय होते? दाराशी आई थांबते, नवरा थांबतो. बाई एकटी आत जाते. आत कित्येकदा दोन खाटांच्या मध्ये पडदाही नसतो. तिला उताणे निजवले जाते, मग कळ सोसायला उठून बसणे किंवा चालणे तिला कितीही बरे वाटो. मोठ्याने ओरडली तर बोलणी खावी लागतात. ती बोलणी कोणत्या प्रतीची असतात, हे अनेक बायकांना ठाऊक आहे आणि छापण्याजोगी ती नसतात. कोठे कोठे हातही उगारला जातो. जोर कमी पडतो म्हणून पोट वरून दाबले जाते. टाके पडतात, पण छेद का घेतला हे कोणी सांगत नाही. ही काही आपल्या देशापुरती गोष्ट नव्हे. प्रसूतिगृहांत होणाऱ्या अवमानाविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ साली स्वतंत्र निवेदन काढावे लागले, यावरून तिची व्याप्ती लक्षात येईल.

त्यात घड्याळाची भर पडते. १९५५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून प्रसूतीच्या गतीचा आलेख मांडला. १९७२ साली फिलपॉट आणि कासल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, त्या आलेखावर एक सावधानतेची रेषा आखली. दूरच्या केंद्रातील सुईणीला अडलेली बाई वेळेवर ओळखता यावी आणि मोठ्या रुग्णालयात धाडता यावी, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम होता, आणि त्या रेषेने पुष्कळ जीव वाचवले. परंतु तासाला एक सेंटिमीटर हे माप कालांतराने इशारा न राहता मुदत बनले. मुदत चुकली की कळा वाढवण्याचे इंजेक्शन, तरी नाही तर शस्त्रक्रिया.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीबाबत ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत या मुदतीला छेद दिला आहे. पाच सेंटिमीटरपर्यंत कळांनी वेग घेतलेला नसणे स्वाभाविक आहे, आणि तासाला एक सेंटिमीटर ही गती नाही एवढ्याच कारणावरून हस्तक्षेप करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पोट दाबू नये, सरसकट छेद घेऊ नये, धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्यावे, तिला सोयीची वाटेल त्या स्थितीत राहू द्यावे, जन्मल्यावर मूल आईच्या उराशी द्यावे, हेही त्या शिफारशींत आहे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही.

सिझेरियनच्या प्रश्नाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ही शस्त्रक्रिया अडलेल्या बाईला आणि गुदमरणाऱ्या मुलाला मिळालेले जीवदान आहे. तिची निंदा करणे अविचाराचे होईल. पण २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी रुग्णालयांत शंभरांतील सुमारे १४ बायकांचे सिझेरियन झाले आणि खासगी रुग्णालयांत ४७ जणींचे. बाईचे शरीर तर दोन्हीकडे सारखेच. मग एवढी तफावत केवळ शरीराच्या गरजेने पडली, असे म्हणता येणार नाही. एका बाजूस अकारण शस्त्रक्रिया, आणि दुसऱ्या बाजूस खरी गरज असताना ती न मिळणारी दुर्गम पाड्यावरची बाई, असे दुहेरी चित्र आहे. आणि दोन्हीकडे निर्णय तिच्याशी न बोलताच होतो.

सोबतीचे मोल

यावर उपाय नाही असे नव्हे. कळा सुरू असताना एक माणूस सतत सोबत असेल तर काय फरक पडतो, याचा अभ्यास जगभर झाला आहे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. सोबत लाभलेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ सरासरीने कमी भरला, सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, आणि अनुभव वाईट होता असे सांगणाऱ्यांची संख्याही कमी झाली. एखाद्या औषधाने एवढे साधले असते, तर ते प्रत्येक रुग्णालयाने विकत घेतले असते. माहेरच्या खोलीत जे एक शहाणपण होते ते हेच, आणि खोली बदलताना नेमके तेच उंबऱ्याबाहेर राहिले.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एका स्त्री नातेवाइकाला थांबण्याची मुभा दिली. २०१७ साली सुरू झालेल्या लक्ष्य या कार्यक्रमात प्रसूतिकक्षांच्या दर्जाबरोबर सन्मानाच्या वागणुकीचाही समावेश झाला. म्हणजे कागदावर तत्त्व मान्य झाले आहे. प्रत्यक्षात अडचणी सांगितल्या जातात त्या जागेच्या आणि गर्दीच्या, आणि त्या खोट्या नाहीत. एका पाळीत अनेक बायकांची जबाबदारी वाहणारी परिचारिका स्वतःच थकून गेलेली असते. तिच्यावर सारा दोष टाकून मोकळे होणे हा अन्याय होईल. ज्या व्यवस्थेने तिला माणूसबळ दिले नाही, पडदे दिले नाहीत आणि विश्रांती दिली नाही, तिने तिच्याकडून गोड शब्दांची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? तथापि थकवा हे कारण असू शकते, अधिकार नव्हे. कळांनी कासावीस झालेल्या बाईवर हात उगारण्याचा अधिकार कोणत्याही थकव्यातून मिळत नाही.

या संदर्भात व्हिएन्नाची एक जुनी हकीकत आठवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिला डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक. गोरगरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात जाण्याची वेळ आली की त्या गुडघे टेकून, आम्हांला दुसरीकडे न्या, म्हणून विनवण्या करीत. विद्वानांना तो अडाणीपणा वाटे. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने ओळखले की शवविच्छेदन करून आलेल्यांच्या हातांवाटेच विष पसरत आहे. क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. शास्त्राने जे पुढे सिद्ध केले, त्याची साक्ष बाळंतिणी आधीपासूनच देत होत्या. ती साक्ष ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते, इतकेच.

आजही परिस्थिती फार निराळी नाही. रुग्णालयातून घरी जाताना बाईच्या हाती कागद दिला जातो. त्यावर मुलाचे वजन असते, टाक्यांची नोंद असते, लसीची तारीख असते. तुम्हांला येथे कसे वागवले गेले, हा प्रश्न त्यावर नसतो. तो विचारला गेला आणि त्याची उत्तरे वरिष्ठांनी वाचली, तर पडद्यांची, खाटांची आणि परिचारिकांची मागणीही अधिक जोराने पुढे येईल. घरच्यांनीही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. अळीव आणि डिंकाचे लाडू करण्याइतकेच, सव्वा महिन्यात कधीतरी जवळ बसून तिची त्या रात्रीची हकीकत शांतपणे ऐकणे, हेही बाळंतिणीच्या शुश्रूषेत मोडते.

बाळ-बाळंतीण सुखरूप, हे शब्द खरे ठरावेत म्हणून आनंदीबाईंपासून आजच्या खेड्यातील आशा कार्यकर्तीपर्यंत पुष्कळांनी कष्ट केले आहेत. आता सुखरूप या शब्दाचा अर्थ थोडा वाढवण्याची वेळ आली आहे. जीव वाचला, ही त्याची पहिली अट. मान राहिला, ही दुसरी. या दोन अटींत निवड करावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आपल्याच घरातील आईला विचारून पाहावे.