सीमेपलीकडची गुन्हेकथा आणि आपली दृष्टी

चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले की संध्याकाळ मोठी होते. घरातील ज्येष्ठ सामायिक-प्रतिक्रमणात असतात आणि तरुण मंडळी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात. त्यांच्या पाहण्यात विदेशी गुन्हेमालिकांचा भरणा मोठा आहे. ‘पाहू नका’ एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. त्या मालिका मनावर कोणता संस्कार करतात, हे मोठ्यांनी एकदा तपासून पाहावयास हवे. त्यासाठी एका फसलेल्या मालिकेचे उदाहरण बोलके आहे.

‘क्रिमिनल माइंड्स’ ही अमेरिकन मालिका सीबीएस वाहिनीवर 2005 साली सुरू झाली आणि पंधरा पर्व चालली. एफबीआयचे एक पथक गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास करून त्याच्यापर्यंत पोहोचते, हे तिचे सूत्र. तीत हिंसा पुष्कळ आहे आणि ती लहानांसमोर लावण्याजोगी नाही, हे खरेच. तरीही ‘हा माणूस असा का झाला?’ हा प्रश्न ती विचारते. जखमी बालपण, एकाकीपण, साठत गेलेला क्रोध अशी कारणे ती शोधते. कषाय मनुष्याला कोठवर नेतात, हे जाणणाऱ्या वाचकाला त्यात विचार करण्याजोगे काही सापडते.

याच मालिकेची शाखा म्हणून ‘क्रिमिनल माइंड्स : बियॉन्ड बॉर्डर्स’ मार्च 2016 मध्ये आली. गॅरी सिनीससारखा जाणता अभिनेता तिचा नायक होता. परदेशी गेलेले अमेरिकन नागरिक संकटात सापडतात आणि पथक विमानाने तेथे जाऊन त्यांना सोडविते, ही तिची कल्पना. अपेक्षा मोठी होती. पण दोन पर्वे आणि 26 भाग होताच 2017 मध्ये ती बंद पडली.

निराशेचे कारण केवळ दुबळे लेखन नव्हते. मूळ मालिकेत गुन्ह्याचे कारण माणसाच्या मनात शोधले जात होते. येथे ते पुष्कळदा देशाच्याच माथी मारले गेले. आठवड्याला एक नवा देश, आणि प्रत्येक देश म्हणजे पाहुण्यासाठी लावलेला सापळा! एका भागात कथा मुंबईत येते आणि अमेरिकन तरुण मूत्रपिंडाच्या चोरांच्या हाती लागतो. अवयवांचा काळा बाजार आपल्याकडे होता, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याला आळा घालण्यासाठीच संसदेने 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. परंतु त्या बाजारात भरडला गेला तो मुख्यतः कर्जात बुडालेला येथला गरीब. त्याची व्यथा बाजूला ठेवून केवळ पाहुण्याचे भय दाखविणे, हे अर्धे सत्य झाले.

तपासाचे चित्रही तसेच एकांगी. एफबीआयला परक्या देशात अटकेचा अधिकार नसतो. यजमान देशाची अनुमती आणि तेथील पोलिसांचे साहाय्य घ्यावेच लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात फौजदारी प्रकरणांतील परस्पर साहाय्याचा करार 2001 साली झाला, तो यासाठीच. दोन देशांचे अधिकारी भाषा, कायदा आणि संशय ओलांडून एकत्र काम कसे करतात, याची कथा खरोखर रंगली असती. मालिकेत मात्र स्थानिक पोलीस बहुधा मागे उभे राहतात.

आपण सिंधुदुर्गवासीयांना हे शल्य लवकर कळावे. 2016 सालीच झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतील वाडा तिच्यामुळे महाराष्ट्रभर ओळखीचा झाला. तीत मालवणी बोली होती, येथल्या मातीचा गंध होता. म्हणून ती आपलीशी वाटली. तरी कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि भाऊबंदकीचा मुलूख, असा समज दूरच्या प्रेक्षकाने करून घेतला तर आपल्याला ते रुचेल काय? मग थायलंड वा अन्य देशाविषयी तसाच समज आपण का करून घ्यावा?

श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. दिशांची मर्यादा घालावयाची ती आपल्याकडून होणारी हिंसा आणि आपला लोभ आवरण्यासाठी. मर्यादेपलीकडची माणसे वाईट आहेत म्हणून नव्हे. अनर्थदंडाच्या प्रकारांत आचार्य समंतभद्रांनी ‘दुःश्रुती’ही गणली आहे. मन कलुषित करणारे ऐकणे हा निष्कारण घडणारा दोष आहे. पडद्यावरील रक्ताइतकेच, कदाचित त्याहून अधिक, अनोळखी माणसाविषयीचा अविश्वास मन कलुषित करतो. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्यांनी तर एका बाजूने रंगविलेले चित्र पूर्ण मानू नये.

व्यापारी घरांसाठी याला व्यवहाराचीही बाजू आहे. फोंडाघाटची बाजारपेठ घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली ती ये-जा करणाऱ्यांच्या आधारावर. राधानगरी-दाजीपूरकडून घाट उतरणारा आणि देवगड-कणकवलीकडून वर जाणारा, दोघेही येथे परके. पण परक्याला उधारी देण्याइतका विश्वास नसता, तर पेढी चालली नसती. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, ते परक्या सत्तेची स्पर्धा ठाऊक असताना. सावधपणा हवा, खातेवही चोख हवी. पण भय हे भांडवल होऊ शकत नाही.

आज आपली मुले शिक्षणासाठी, व्यवसायासाठी परदेशी जात आहेत. म्हणून अशी मालिका घरात लागलीच, तर तिच्यानंतर पाच मिनिटे बोलावे. या कथेत त्या देशातील सज्जन माणूस कोठे होता? ज्याचे खरे नुकसान झाले, त्याला बोलू दिले काय? आणि हीच कथा तेथल्या माणसाने सांगितली असती तर? प्रश्न साधे आहेत. परंतु पडद्यासमोर बसूनही विवेक जागा ठेवण्याची सवय त्यांतूनच लागेल, आणि परगावी निघालेल्या मुलाच्या शिदोरीत ती सर्वांत उपयोगी पडेल.