सर्व्हर निवडताना : वेग आणि भरवसा

नव्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी, अशी मसलत आमच्या कार्यालयात सुरू झाली की दोन पक्ष उभे राहतात : एकाला ताज्या कर्नेलचा वेग हवा असतो, आणि दुसरा, म्हणजे यंत्र बंद पडल्यावर अपरात्री ज्याचा फोन वाजतो तो, डेबियनच्या स्टेबल शाखेवरून तसूभर हलायला राजी नसतो.

या दुसऱ्या पक्षाचा हट्ट निराधार नाही. डेबियन १२ जून २०२३ मध्ये ६.१ या मालिकेचे कर्नेल घेऊन निघाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुढची आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळ मालिका तीच राहिली. दरम्यान दोष सापडले, तर बहुतेक पॅकेजांत दुरुस्तीचा तेवढाच तुकडा जुन्या प्रोग्रॅमात आणून बसवायचा व बाकीच्या वर्तनाला हात लावायचा नाही, असा तेथला शिरस्ता. चेंजलॉग उघडला की मूळ आकडा कायम आणि त्याच्या शेपटाला ‘डेब१२यू१’, ‘डेब१२यू२’ असे प्रत्यय लागलेले दिसतात.

मागे डेटाबेसचे अहवाल रेंगाळतात अशी तक्रार आली, तेव्हा नव्या कर्नेलची तजवीज करण्याआधी आम्ही व्हीएमस्टॅट लावून ओळीमागून ओळ वाचली : प्रोसेसर बहुतांशी रिकामा, आणि ‘डब्ल्यूए’ या रकान्यातला, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा फुगलेला. पोस्टग्रेसच्या एका टेबलावर योग्य इंडेक्स बांधताच अहवाल बिनबोभाट निघू लागले.

तथापि वेगाच्या पक्षाला उतावळा ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतील चोरदरवाजा उघडकीस आला, तो पोस्टग्रेसचे विकासक आन्द्रेस फ्रॉइंड यांनी एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा पिच्छा पुरवल्यामुळे. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल शाखांत शिरल्या होत्या, स्टेबलमध्ये पोचल्या नव्हत्या. अर्धा सेकंद मोजणारा आणि घाई न करणारा, असे दोघेही त्या प्रसंगी कामी आले.

म्हणून आमचा निवाडा असा : स्टेबल घ्यावे आणि मोजीत राहावे, नव्या यंत्राचे ड्रायव्हर जुन्या कर्नेलमध्ये नसतील, किंवा अडथळा कर्नेलमध्येच असल्याचे आकड्यांनी सिद्ध होईल, तर बॅकपोर्ट्समधून केवळ कर्नेल नवे आणावे, बाकी व्यवस्था जागची हलवू नये.