उस्ताद पाहावा शोधून!

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. परदेशी राहणाऱ्या मुसलमान आईबापांना विचाराल तर ते त्यात आणखी एक भर घालतील: मुलांना कुराण शिकवणारा उस्ताद पाहावा शोधून! आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. लेक इंग्लंडात, बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे सहा महिने राहिलो आणि त्यांतले निम्मे दिवस नातीसाठी उस्ताद शोधण्यात गेले म्हणा ना!

आमच्या गावी असला शोध कुणाला ठाऊकच नव्हता. मशिदीच्या पडवीत मक्तब भरे. मौलवीसाहेब कोणाचे कोण, तापट की शांत, हे साऱ्या मोहल्ल्याला माहीत. घरी कोकणी बोली, शाळेत मराठी, मक्तबात उर्दू आणि पाठ अरबीचा. सगळ्याच भाषा लहानपणापासून कानांवरून गेलेल्या, त्यामुळे त्यांचे ओझे वाटत नसे. तिकडे तसे नाही. नात विचार करते इंग्रजीत, घरची बोली तिला जेमतेम समजते, आणि पहिल्या मदरशातले मास्तर सारे समजावीत उर्दूतून. दिवसभराची शाळा आटोपून पोर संध्याकाळी दीड तास तिथे बसे. तिला कळे एवढेच, की मास्तर रागावले आहेत!

त्यात आम्ही शाफई, आणि तिथले पाकिस्तानी शेजारी बहुतेक हनफी. नमाजात फातिहानंतर आम्ही ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, रुकूला वाकण्याआधी हात उचलतो; हनफी तसे करीत नाहीत. दोन्ही रीती शेकडो वर्षांच्या आणि दोन्ही मान्य. जाणता उस्ताद हे मुलांना दोन वाक्यांत सांगतो. आमची सात वर्षांची नात मात्र ‘तुझे अब्बा नमाजात चुकतात’ असे ऐकून घरी आली. दोन दिवस बापाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जावयांनी तो मदरसा बंद केला.

मग संगणकावरची शिकवणी झाली. कैरोचे, लाहोरचे उस्ताद घरबसल्या मिळतात. पण हिवाळ्यात बर्मिंगहॅमला संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा लाहोरला मध्यरात्र! इकडे पोर जांभया देई, तिकडे उस्ताद. मोठ्या मुलांना ही सोय बरी असेलही. लहानांचे काम मात्र समोरासमोरच व्हावे, असे माझे मत झाले, आणि त्याला कारण आहे.

कुराणाचे पारे 30, सुरा 114. मुले आधी ‘कायदा’ शिकतात. कायदा म्हणजे आपल्या अंकलिपीसारखे पुस्तक. अक्षरे लवकर ओळखता येतात. खरी कसोटी उच्चाराची. ज्यांनी घरी वेदांची संथा ऐकली आहे, त्यांना हे सांगायला नको. अरबीत ‘क’ दोन. घशातून खोल काढलेल्या ‘क’चा ‘कल्ब’ म्हणजे हृदय. साध्या ‘क’चा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा! ही जागा उस्तादाच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय आणि दहादा टोकल्याशिवाय बसत नाही. या शास्त्राला तजवीद म्हणतात.

पण टोकणे निराळे आणि मारणे निराळे. इंग्लंडातल्या सरकारी शाळांतून छडी 1987 सालीच हद्दपार झाली. संध्याकाळच्या वर्गांतून ती पुढेही कुठे कुठे टिकून राहिली. ‘आम्ही मार खाऊनच शिकलो’ असे अभिमानाने सांगणारे बाप मला तिथे भेटले. त्यांच्यापैकी किती जण आज रोज कुराण उघडतात, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

लेकीने मात्र मनाशी ठरवले, की आपण स्वतः तासभर मागे बसून पाहिल्याखेरीज मुलीला कुठे घालायचे नाही. एका ठिकाणी तिला आत बसू देईनात. ती तशीच मुलीचा हात धरून परत आली. मला ते फार आवडले. दुसरीकडे एका खोलीत चाळीस मुले. प्रत्येकाच्या वाट्याला उस्ताद येणार दोन मिनिटे!

शेवटी एक बाई सापडल्या. तिथेच जन्मलेल्या, इंग्रजीतून शिकवणाऱ्या, घरच्या पुढच्या खोलीत आठ मुले घेऊन बसणाऱ्या. पोलिसी नोंदीच्या तपासणीचा दाखला त्यांनी न मागता पुढे ठेवला. पहिल्याच दिवशी नातीने पाठ म्हणता म्हणता मध्येच विचारले, “याचा अर्थ काय?” बाईंनी एका शब्दाचा अर्थ सांगितला, दुसऱ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “हा मी नीट पाहून गुरुवारी सांगते.”

गुरुवारी नात वेळेच्या आधीच जोडे घालून दाराशी उभी होती.