शून्य टक्क्यांचा विद्यार्थी

सहाशेपैकी ४३७ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचे शेकडा प्रमाण शून्य आहे, असे संगणकाने पडद्यावर दाखविले तेव्हा प्रयोगशाळेत हशा पिकला. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक. आकडेमोडीसाठी ‘सी’ ही संगणकभाषा शिकावी म्हणून प्रथम वर्षाच्या मुलांत मागच्या बाकावर बसला होता. हसणाऱ्यांत तोही होता. यंत्राचे काहीच चुकले नव्हते, हे मागाहून उमगले. ‘सी’मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो, दशांश चिन्हापुढचे सारे गळून पडते. ४३७ ला ६०० ने भागले की हाती शून्य येते, आणि त्याला पुढे शंभराने गुणले तरी ते शून्यच राहते.

यावर आधी गुणावे व मग भागावे, असा उपाय सुचविण्यात आला. नव्या संगणकांवर त्याने ७२ हे उत्तर आले. खरे उत्तर ७२.८३, म्हणजे येथेही पाऊण टक्क्याहून अधिक गेलाच. पण कोपऱ्यातील एका जुन्या यंत्रावर ‘टर्बो सी’ होते. त्यात पूर्णांकाला सोळा बिटांचीच जागा असल्याने ३२,७६७ च्या वरची संख्या मावत नाही. ४३,७०० हा गुणाकार उलटून उणे २१,८३६ झाला आणि त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला उणे ३६ टक्के मिळाले! या खेपेस मात्र फारसे कोणी हसले नाही.

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे तिच्यावरील पुस्तक १९७८ साली निघाले. त्यात अभिवादनाचे दोन शब्द छापण्याचा पहिला धडा संपतो न संपतो, तोच फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्याचे कोष्टक येते. तेथेच पाचाला नवाने आधी भागले तर शून्य का येते, याचा खुलासा आहे. भाषेच्या जनकाला जे अगदी आरंभीच सांगावेसे वाटले, ते आपल्याकडे पुष्कळदा जर्नल पुरे करण्याच्या घाईत हरवते. मुले आज्ञावली उतरवून घेतात, खाली शेजाऱ्याच्या वहीतले उत्तरही उतरवतात. कागदावर हाताने हिशेब करून ‘काय यावयास हवे’ हे आधी लिहिण्याची सक्ती क्वचितच असते. आकडा आत घेणाऱ्या ‘स्कॅनएफ’ची तीच गत. आकड्याच्या जागी अक्षरे टंकित केली तर तो काहीच वाचत नाही. आपण किती संख्या वाचल्या हे तो परत सांगतो खरे, परंतु ते विचारण्याची सवय कोणी लावीत नाही.

हे केवळ मुलांचे खेळ आहेत, असे कारकुनी करणाऱ्या वाचकांनी तरी समजू नये. १,२३,४५,६७८ रुपये ९० पैसे ही रक्कम ‘फ्लोट’ या प्रकारात ठेवून पाहावी. ती १,२३,४५,६७९ होऊन बसते, कारण त्या प्रकारात जेमतेम सात अंकांची खात्री असते. म्हणून पैशांचा हिशेब, शक्य तेथे, पैशांच्याच पूर्णांकांत आणि पुरेशा मोठ्या प्रकारात करावा. कॅनडातील व्हॅन्कुव्हर शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून आपला निर्देशांक सुरू केला. प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक जवळच्या अंकात न घेता नुसते छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ वर आला होता. दुरुस्तीनंतर तो १०९८ निघाला. बाजार वधारत असताना आकडा निम्म्यावर यावा आणि दीड वर्षाहून अधिक काळ तसाच चालावा, ही गोष्ट अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला अस्वस्थ करणारी आहे.

तथापि भागाकाराचा हा स्वभाव सर्वत्र वाईटच असतो असेही नाही. आम्ही मुलांना जुन्या चलनाचे एक उदाहरण घातले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. तर १००० पैंचे रुपये, आणे, पै करा. १९२ ने भागून ५, बाकी ४०. तिला १२ ने भागून ३, बाकी ४. पाच रुपये, तीन आणे, चार पै. येथे अपूर्णांक गळणे हेच आपल्याला हवे असते, आणि बाकी काढणारे चिन्ह उरलेले काम करते. हाताचे उत्तर आणि पडद्यावरचे उत्तर जुळले तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

मग एका मुलीने मुद्दाम उणे १००० पै घातल्या. उणे पाच रुपये, उणे तीन आणे, उणे चार पै असे उत्तर आले. ‘सर, ही उधारी का?’ तिने विचारले. आता तिन्ही ठिकाणचे उणे चिन्ह काढून पुढे एकदाच ‘देणे’ हा शब्द कसा छापावा, यावर पुढचा तास गेला.