भिंती बारीक झाल्या, माळा जड झाला

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. मंगळवारी आणि चतुर्थीला हे गाव महागणपतीचे असते. एरवी पहाटेची लोकल गाठणाऱ्या चाकरमान्यांचे. मुंबईत, ठाण्यात परवडले नाही म्हणून इथे वन आरके किंवा वन बीएचके घेतलेली ही कुटुंबे. घर तीन-साडेतीनशे फुटांचे, आणि त्यात लग्नातली भांडी, आजीची ट्रंक, गावाकडून आलेला तांदूळ, मुलांची मागच्या तीन इयत्तांची पुस्तके. मग रविवारी आवराआवर, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच.

यात गृहिणीचा दोष शोधण्याची आपल्याकडे फार घाई असते. खरे तर जागा भिंतींनीच काढून घेतली आहे. जुन्या घराची मातीची किंवा दगडाची भिंत दीड-दोन फूट जाड असे. तिच्यातच कोनाडे, तिच्यातच फडताळ. वर टांगलेले शिंके, वळणीवर कपडे, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. साठवण भिंतीच्या पोटात आणि डोक्याच्या वर. जमीन बसण्या-निजण्याला मोकळी. आरसीसीच्या सांगाड्यात भार खांबांवर गेला, भिंती चार-सहा इंचांच्या झाल्या, आणि भिंतीतले कपाट खोलीत येऊन उभे राहिले.

ते तिथे फुकट उभे राहत नाही. तीन फूट रुंद, दोन फूट खोल कपाट म्हणजे सहा चौरस फूट. दार उघडून समोर उभे राहायला जवळपास तितकेच आणखी. फुटाला पाच हजार भाव धरला तरी साठ हजारांची जागा एका कपाटाला गेली. वर्षाच्या गव्हाची दोन बाय दोनची कोठी वीस हजारांची जागा अडवते. वाणी दूर होता आणि पावसात वाट बंद होत असे, तेव्हा बेगमी शहाणपणाची होती. आता किराण्याचे दुकान इमारतीखाली आहे. एरंडेल चोळलेली वर्षाची तूरडाळ मी तरी अशा घरात भरणार नाही, महिन्याची पुरे.

घर आपण मोजतो चौरस फुटांत. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या पक्की केली: घरातल्या आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात, बाल्कनी धरत नाहीत. उंचीचा मात्र त्या आकड्यात पत्ता नसतो. छत नऊ फुटांवर, हात सहज पोचतो सहा-साडेसहापर्यंत. वरची अडीच-तीन फुटांची हवा पैसे भरूनही रिकामी राहते. दारांच्या वर, मोरीच्या वर, पॅसेजच्या वर फूटभर रुंदीची फळी चारी बाजूंनी फिरवली, तर जमिनीचा एक फूटही न खाता बरेच सामान बसते.

पण वर काय ठेवायचे, इथे बहुतेक घरे चुकतात. पितळी हंडा आणि लोखंडी खलबत्ता माळ्यावर, आणि रजया खाली दिवाणात! जड वस्तू स्टुलावर चढून काढताना पडणारे माणूस बहुधा साठीच्या पुढचे असते. जड ते गुडघ्याच्या खाली, रोजचे ते गुडघा ते खांदा या पट्ट्यात, हलके आणि वर्षातून एकदा लागणारे तेवढे वर. गणपतीचे मखर हे माळ्याचे आदर्श भाडेकरू. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठ्याची, घडीची मखरे घरोघर आली; उघडल्यावर देव्हाऱ्याएवढी, मिटल्यावर गादीखाली मावणारी. घडी होणारी वस्तू घ्यायची, हा नियम खुर्चीपासून कपडे वाळवायच्या स्टँडपर्यंत लावता येतो.

खोलीचाही विचार हवा. म्हणजे फळीच्या खोलीचा. हँगरच्या कपड्यांना बावीस ते चोवीस इंच लागतात. डबे, पुस्तके, औषधे यांना बारा इंच भरपूर झाले. स्वयंपाकघरात दोन फूट खोल फळी केली की मागच्या रांगेतला साबुदाणा दिसत नाही, पुढच्या उपवासाला नवा आणला जातो, आणि जुन्यात पोरकिडे होतात. जपानी घरांत गाद्या ठेवायला ओशिइरे नावाचे सुमारे तीन फूट खोल कपाट असते, ते अंथरुणाच्या घडीच्या मापाचे. आपल्याकडे सुतार सगळ्यालाच दोन फूट धरतो, कारण आपण माप सांगत नाही.

टिटवाळ्यात आणखी एक भाडेकरू असतो: ओल. काळू नदी जवळ, चार महिने पाऊस, आणि दिवसभर बंद घर. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला बॉक्स बेड किंवा कपाट चिकटवले की श्रावणापर्यंत पैठणीला बुरशी. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर, पाठीच्या प्लायला भोके, आणि पाऊस उघडला की दारे सताड उघडी. कापराने वास जातो, ओल जात नाही. प्लाय घेताना एमआर शिक्का असलेला घेऊन ‘वॉटरप्रूफ आहे’ असे समजू नका. तो दमटपणा काहीसा सोसतो, पाणी नाही. ओट्याखाली आणि मोरीशेजारी आयएस ७१०चा शिक्का मागा, महाग पडला तरी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर दिवाणाच्या पोटात कागदपत्रे ठेवूच नयेत. २६ जुलै २००५ला कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाणी घरात शिरले. खरेदीखत, दाखले, शाळेचे निकाल यांची एक फाईल, प्लास्टिकच्या बंद पिशवीत, दारावरच्या फळीवर; मखराच्या आधी तिची जागा ठरवावी.