वही आपली, मग नाव दुकानदाराचं का? हातबनावटीच्या स्टेशनरीला ब्रँड कसा द्यावा

लग्नसराई आली की गावोगावच्या बचत गटांत आहेराची पाकिटं, हाताने शिवलेल्या डायऱ्या, कापडी पुठ्ठ्याच्या वह्या बनवण्याची लगबग सुरू होते. माल चांगला, शिलाई पक्की. पण वहीवर बनवणाऱ्याचं नावच नसतं. दुकानदार स्वतःचं स्टिकर लावतो आणि विकतो. ग्राहकाला वही आवडली तरी तो पुन्हा दुकानातच जातो. उद्या दुकानदाराने दुसरीकडून स्वस्त माल उचलला, की गटाचं काम बंद. ब्रँडिंगची गरज इथेच आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. जुन्या काळी जुन्नरी आणि दौलताबादी कागद त्या-त्या ठिकाणाच्या नावानेच ओळखला जायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुरा गावाचं तर नावच कागदावरून पडलं. गावाचं नाव हीच मालाची खात्री होती.

नाव कसं निवडावं?

नाव छोटं, बोलायला सोपं आणि फोनवर एकदा सांगितलं तरी कळेल असं असावं. ‘सुंदर वही’, ‘उत्तम पाकीट’ अशी नुसतं वर्णन करणारी नावं टाळावीत. ती कोणीही वापरू शकतो आणि त्यांची ट्रेडमार्क नोंदणीही सहसा होत नाही.

खर्च कमी, ओळख पक्की

महागडं डिझाइन लागत नाही. तालुक्याच्या गावी रबरी शिक्का बनवून मिळतो. एकच शिक्का, एकच शाई आणि शिलाईला एकाच रंगाचा दोरा, हे प्रत्येक वहीवर सारखंच ठेवावं. दर महिन्याला रंग बदलला तर ग्राहकाच्या लक्षात काहीच राहत नाही.

मजकूर मात्र खरा हवा. कागद गिरणीचा असेल तर ‘हातकागद’ लिहू नये, ‘हाताने बांधलेली वही’ असं लिहावं. ग्राहकाला एकदा फसवल्यासारखं वाटलं की तो परत येत नाही.

पॅकिंगवर काय हवं?

दहा पाकिटांचा संच पॅक करून विकायचा असेल तर वैधमापन नियमांनुसार ही माहिती छापावी लागते:

- वस्तूचं नाव आणि नग
- बनवणाऱ्याचं नाव व पत्ता
- उत्पादनाचा महिना व वर्ष
- सर्व करांसह कमाल किंमत
- तक्रारीसाठी फोन नंबर आणि ईमेल

यात फायदा आपलाच आहे. पाकिटावर नंबर असला की पुढची ऑर्डर थेट गटाकडे येऊ शकते.

नाव आपल्या नावावर कसं करावं?

कागद आणि स्टेशनरीसाठी ट्रेडमार्कचा वर्ग 16 आहे. ते नाव आधी कोणी घेतलंय का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर मोफत तपासता येतं. एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती किंवा लहान उद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000 रुपये आहे. लहान उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर ‘उद्यम’ नोंदणी उपयोगी पडते, आणि ती मोफत आहे. ट्रेडमार्क 10 वर्षं चालतो, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होण्याआधी नावापुढे गोलातला ‘आर’ लावू नये, तो गुन्हा ठरतो.

लगेच फी भरणं जमत नसेल तर निदान बिलबुक आपल्या ब्रँडच्या नावाने छापून घ्यावं आणि जुनी बिलं जपून ठेवावीत. हे नाव आपण कधीपासून वापरतोय, याचा तोच पुरावा.

गटांनी हे आधी ठरवावं

अर्ज कोणाच्या नावावर करायचा, हे बैठकीत ठरवून ठराव इतिवृत्तात लिहावा. राबणाऱ्या दहा जणी आणि ब्रँड एकीच्याच नावावर, असं झालं तर धंदा वाढल्यावर वाद होतात. दुकानदाराशीही पहिल्याच ऑर्डरला बोलून घ्यावं: त्याने स्वतःचं स्टिकर खुशाल लावावं, पण आतल्या पानावरचा गटाचा शिक्का तसाच राहील.